पंपाचे सील तोडण्याआधी गेज लावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

खंबाटकीच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या आणि मागच्या दुचाकीस्वाराला काळ्या धुराने न्हाऊ घालणाऱ्या जुन्या ट्रकांबद्दल वाचकांची तक्रार नेहमीचीच आहे. दोष कधी ड्रायव्हरला दिला जातो, कधी मालकाला, कधी आरटीओला. गॅरेजमध्ये काय घडते याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ऊस वाहतुकीसाठी जुन्या गाड्या तयार होऊ लागतात. ‘गाडी ओढत नाही, पंप जरा वाढवून दे’ ही मागणी होते आणि बऱ्याच ठिकाणी ती लगेच पुरीही केली जाते. इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचे सील तोडायचे, फुल लोडचा (जास्तीत जास्त किती डिझेल सुटेल ते ठरवणारा) स्क्रू थोडा फिरवायचा, गाडी रिकामी पळवून दाखवायची. काळ्या धुराचा उगम बहुतेक वेळा तिथे असतो.

इथे जुना ट्रक म्हणजे ज्याच्या इंजिनावर संगणक नाही आणि ज्याला सरळ रांगेतला यांत्रिक डिझेल पंप आहे, तो. उदाहरणादाखल टाटाचे ६९७ इंजिन घेऊ. नावातला ६ म्हणजे सिलिंडर, ९७ म्हणजे मिलिमीटरमध्ये बोअर, सिलिंडरचा आतला व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८ मिमी, एकूण ५,६७५ सीसी. त्यावरचा पंप मायकोचा. १९५१ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश लिमिटेड झाले, पण कारागिरांच्या तोंडी अजून मायकोच आहे. लेलँडच्या जुन्या गाड्यांनाही पुढचे बहुतेक सगळे लागू पडते, आकडे तेवढे त्या-त्या पुस्तकातले घ्यायचे.

पॉवर कमी झाली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: लोडवर, चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना धूर कोणत्या रंगाचा आहे? सायलेन्सर स्वच्छ आणि गाडी मात्र ओढत नाही, तर इंजिनाला डिझेलच पुरेसे पोचत नाही. काळा धूर असेल तर डिझेल आहे, पण ते जळायला हवा कमी पडते, किंवा नोझल ते नीट फवारत नाही, किंवा ते चुकीच्या वेळी पडते. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येते. टायमिंग (डिझेल सुटण्याची वेळ) मागे गेले आहे किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे) गेले आहे. निळसर धूर इंजिन ऑइलचा. एवढे पाहिले की निम्मे काम झाले, कारण स्वच्छ सायलेन्सरवाल्या गाडीचे नोझल खोलणे आणि काळ्या धुराच्या गाडीचा फिड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) बदलणे हे दोन्ही वायफळ खर्च आहेत.

त्याच्याही आधी, दोष इंजिनाचाच आहे ना, हे बघावे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून गाडी सपाटीवर उभी करा आणि सगळ्या चाकांच्या हबजवळ हात न टेकवता नेऊन बघा. एखादा हब बाकीच्यांपेक्षा भाजणारा असेल तर ब्रेक सुटत नाही. सपाटीला वरच्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. आवाज चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच सरकतो आहे. नंतर एकाला केबिनमध्ये बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते डोळ्यांनी पाहा. लिंकेजचे बॉल जॉइंट घासलेले, पेडलखाली जाड रबरी मॅट, इंजिन बंद करण्याची केबल अर्धवट ओढलेली, यांपैकी काहीही असले तरी लिव्हर मिमी-दोन मिमी अलीकडे थांबतो आणि पॉवर कमी होते. एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या गाडीत त्याचे बटरफ्लाय (एक्झॉस्टच्या नळीतली झडप) काजळीने अर्धवट बंद राहिलेले असू शकते. तिथे रिकाम्या गाडीचा आवाज ठीक वाटतो, लोडवर मात्र श्वास कोंडल्यासारखे होते. ही सगळी तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तिला एकही पार्ट लागत नाही.

आता डिझेलच्या बाजूकडे वळू, कारण स्वच्छ सायलेन्सर आणि कमी पॉवर ही जोडी सगळ्यात जास्त भेटते आणि सगळ्यात जास्त चुकीची हाताळली जाते.

टाकीच्या झाकणाला हवेचे छिद्र असते. ते चिखलाने बुजले की गाडी पहिले काही किलोमीटर उत्तम धावते, मग मंदावते. झाकण सैल करून फरक पडला तर दोष सापडला. टाकीतल्या ओढनळीच्या टोकाला जाळी असते, तिच्यावर गंज आणि काळा चिकट गाळ बसतो. टाकीपासून फिड पंपापर्यंतचा रबरी होज जुना झाला की आतला थर सुटतो आणि ओढ लागली की आतल्या आत चेपतो. बाहेरून होज धडधाकट दिसतो. यावर सोपी परीक्षा म्हणजे स्वच्छ डिझेलचा कॅन केबिनच्या मागे बांधून थेट फिड पंपाला जोडायचा आणि लोडवर चाचणी घ्यायची. गाडी सुधारली तर दोष टाकी ते फिड पंप या टप्प्यात, नाही सुधारली तर फिड पंपाच्या पुढे.

पंपाच्या पोटाला लावलेला फिड पंप पंपाच्या कॅमवर चालतो. त्याच्या आत प्लंजर, स्प्रिंग आणि दोन छोटे व्हॉल्व्ह, शिवाय डिझेल येणाऱ्या बंजोत (पोकळ बोल्टने बसवलेल्या नळीच्या जोडात) बारीक जाळी. ती जाळी गेल्या वेळी कधी धुतली हे विचारले तर बऱ्याच गॅरेजमध्ये ती आहे हेच नव्याने कळते. त्याच्या पुढे दोन फिल्टर: पहिला कापडी, दुसरा कागदी. कागदी फिल्टर धुऊन परत बसवणे हा आपल्याकडचा जुना हट्ट आहे. धुतल्याने त्याची छिद्रे एक तर बुजतात, नाहीतर फाटतात. फाटले तर पंपातल्या एलिमेंटची (प्रत्येक सिलिंडरसाठी असलेल्या प्लंजर-बॅरलच्या जोडीची) वाट लागते आणि तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो.

या सगळ्याची बेरीज एका गेजवर दिसते. पंपाच्या गॅलरीत (एलिमेंटभोवतीच्या डिझेलच्या पोकळीत) डिझेल घेऊन जाणाऱ्या बंजोवर टी जोडून ० ते ४ बारचे साधे गेज लावा. स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि पूर्ण फेऱ्यांवर, दोन्ही वेळा दाब एक बारच्या वर टिकला पाहिजे. स्लोवर ठीक आणि लोडवर सुई पडते, म्हणजे पुरवठा तोकडा: फिल्टर, जाळी, होज किंवा फिड पंप. स्लोपासूनच सुई खाली असेल तर आधी ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह पाहा. गॅलरीतून टाकीकडे परतणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेला हा छोटा स्प्रिंगवाला व्हॉल्व्हच गॅलरीत दाब टिकवून धरतो. दिसायला तो बंजो बोल्टसारखाच. हरवला किंवा गळू लागला की तिथे साधा पोकळ बोल्ट घातला जातो, डिझेल दाब न धरता टाकीत परत जाते, एलिमेंट पूर्ण भरत नाहीत आणि गाडी ओढत नाही. या एका बोल्टपायी पंप बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) चढतो, एलिमेंट बदलतात, बिल होते, आणि तोच बोल्ट परत लावला जातो. मग तक्रारही परत येते.

डिझेलच्या वाटेत हवा शिरते का हे पाहायला परतीच्या नळीत वीतभर पारदर्शक नळी जोडावी. इंजिन सुरू असताना बुडबुडे सतत येत राहिले तर ओढीच्या बाजूला कुठेतरी चीर आहे. त्या बाजूला गळती बाहेर दिसत नाही, कारण तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बंजोचे तांब्याचे वॉशर एकदा वापरून झाले की कडक होतात; नवीन घालावेत, किंवा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवून मऊ करावेत.

काळ्या धुराची गाडी असेल तर सुरुवात हवेपासून. ऑइल बाथ फिल्टरमध्ये ऑइल खुणेइतकेच हवे. जास्त झाले तर ते इंजिनात ओढले जाते, कमी झाले तर धूळ. कागदी एअर फिल्टर झटकून-झटकून वापरणाऱ्यांनी हिशोब लक्षात ठेवावा: चार स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना आपल्या सीसीइतकी हवा ओढते. ६९७ इंजिन २,४०० फेऱ्यांवर टर्बो नसतानाही मिनिटाला सहा-सात हजार लिटर हवा मागते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बो ते मॅनिफोल्डमधले होज आणि क्लॅम्प साबणाच्या पाण्याने तपासावेत. टर्बोच्या पंपाला बहुधा डोक्यावर डायफ्रामचा डबा असतो. मॅनिफोल्डचा दाब आला की तो डिझेल वाढवू देतो. डायफ्राम फाटला किंवा त्याची बारीक नळी तुटली, तर बूस्ट असूनही डिझेल वाढत नाही. धूर नाही, पॉवरही नाही. मग कोणीतरी तो डबाच निकामी करून टाकतो आणि गाडी प्रत्येक गिअरला काळा ढग सोडते.

नोझलचा नंबर यानंतर. कोणता सिलिंडर कमी काम करतो ते पाहण्यासाठी इंजिन स्लोवर ठेवून एकेका हाय प्रेशर पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला. या वेळी जोडाजवळ बोट नेऊ नये, आणि फवारणाऱ्या नोझलसमोर तर हात कधीच धरू नये. नोझलमधून सुटणारे डिझेल कातडीत घुसते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि पुढे बोट कापावे लागण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. असे झाले तर दुखत नसले तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

नोझल टेस्टरवर तीन गोष्टी पाहायच्या: ठरलेल्या दाबाला उघडते का, सगळ्या छिद्रांतून धुक्यासारखे सारखे फवारते का, आणि उघडण्याच्या दाबापेक्षा वीसेक बार खाली दहा सेकंद धरून ठेवल्यावर टोकावर थेंब जमतो का. स्प्रिंग बसत जाते तसा उघडण्याचा दाब खाली येतो, ०.०५ मिमीच्या शिमने तो साधारण पाच-सात बार वाढतो. सहाही नोझल एकाच दाबावर हवेत. एक नवीन आणि पाच जुने ही काटकसर इंजिनाला मानवत नाही. बसवताना नोझलच्या खड्ड्यात जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिला आहे का, हे टॉर्च मारून पाहावे. तो तसाच राहिला आणि वर नवीन बसला, तर दोन वॉशरच्या जाडीमुळे नोझलचे टोक वर राहते, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो कडेवर पडतो, आणि नवे नोझल टाकूनही गाडी काळीच ओकते. हाय प्रेशर पाइपचे निपल वारंवार कसून आत चेपले जाते, भोक बारीक होते, तेही पाहावे. तुटलेल्या पाइपच्या जागी हाताशी आहे तो लांडा पाइप बसवू नये. सहाही पाइपची लांबी सारखी ठेवलेली असते ती उगाच नव्हे.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन थोडक्यात. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) इंजिनाच्या पट्टीवर दिला असेल तेवढाच, थंड म्हटले असेल तर थंड. सहा सिलिंडरची जोडी १-६, २-५, ३-४ अशी. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील (एक बंद होतोय, दुसरा उघडतोय) तेव्हा पहिल्याचे गॅप भरायचे, आणि तसेच फायरिंग क्रमाने, १-५-३-६-२-४, पुढे जायचे. कॉम्प्रेशन गेजवर सिलिंडर-सिलिंडरमध्ये तीन-चार बारपेक्षा जास्त तफावत असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केट. लागून असलेले दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर आधी संशय हेड गॅस्केटचा. इंजिनाची ही अवस्था असेल तर पंपाला हात लावण्यात अर्थ नाही.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच टायमिंग. आणि इथे सगळ्यात जास्त काम कानावर चालते. ‘आवाज कडक झाला, बसलं टायमिंग’ हे वाक्य ऐकले की पाना काढून घ्यावासा वाटतो.

२,४०० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला १४,४०० अंश फिरतो. म्हणजे एक अंश सेकंदाच्या चौदा हजाराव्या भागाएवढा. कानाला फरक कळतो तोवर टायमिंग बरेच अंश सरकलेले असते. डिझेल नोझलमधून सुटल्यावर लगेच पेट घेत नाही. तापलेल्या हवेत मिसळून पेटायला त्याला क्षणभर लागतो, म्हणूनच ते पिस्टन वर पोचण्याआधी काही अंश सोडावे लागते. फार आधी सोडले तर पेटेपर्यंत बरेच डिझेल साठते आणि सगळे एकदम पेटते. तोच तो कडक ठोका. पिस्टन अजून वर चढत असताना दाब येतो. रिंगची खाच, बेअरिंग आणि हेड गॅस्केट त्याची किंमत मोजतात. उशिरा सोडले तर पिस्टन खाली निघाल्यावर जळत राहते, ताकद चाकांना न मिळता सायलेन्सरमध्ये जाते. सकाळी पांढरा धूर, घाटात पाणी तापणे, मॅनिफोल्ड लालबुंद, एव्हरेज पडलेले आणि आवाज मात्र मऊ, ही उशिराची लक्षणे. आवाज मऊ म्हणून ड्रायव्हर खूश असतो.

रांगेतल्या पंपाचे टायमिंग मोजायची जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे थेंब तुटण्याची. पंप आणि आजूबाजू डिझेलने धुऊन, पुसून घ्या. धुळीचा कण आत गेला तर सगळी मेहनत उलटी. इंजिन चालण्याच्या दिशेनेच फिरवून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा. तो खरोखर कॉम्प्रेशनवर आहे याचा पुरावा म्हणजे सहाव्याचे व्हॉल्व्ह हलत असणे. इथे चुकले तर टायमिंग क्रँकच्या पूर्ण ३६० अंशांनी उलटे बसते आणि इंजिन फक्त पांढरा धूर सोडते. मग पहिल्या पाइपचा नट सोडून डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर काढा, आतला स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह बाहेर घेऊन स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा. हे व्हॉल्व्ह आपल्या बैठकीशी जोडीने घासलेले असतात, एकमेकांत मिसळू नयेत. होल्डर परत बसवून त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी लावा. स्टॉप लिव्हर चालू स्थितीत, ॲक्सिलरेटर लिव्हर पूर्ण उघडा. काही पंपांच्या प्लंजरला डोक्यावरही खाच असते. तिथे रॅक (डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) पुस्तकात सांगितलेल्या जागीच धरावा, नाहीतर मोजणी काही अंश उशिरा येते.

आता इंजिन खुणेच्या पाव फेरा मागे न्या आणि फिड पंपाच्या हातपंपाने, किंवा वर टांगलेल्या कॅनमधून, डिझेल सोडा. नळीतून धार येऊ लागेल. क्रँक हळूहळू पुढे फिरवा. धार बारीक होईल, मग थेंब पडतील, मग दोन थेंबांतले अंतर वाढेल. थेंब जवळजवळ थांबला, त्या क्षणी फ्लायव्हीलवर किंवा डॅम्पर पुलीवर किती अंश आहेत ते वाचा. जास्त फिरले तर नुसते मागे येऊन वाचू नका. पुन्हा पाव फेरा मागे जाऊन पुढे या, नाहीतर गिअरमधला खेळ मोजणीत मिसळतो. सुमारे ३०० मिमी व्यासाच्या पुलीच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम २.६ मिमी, तेव्हा ‘खुणेच्या जवळपास’ या शब्दाला इथे जागा नाही.

वाचन पुस्तकापेक्षा वेगळे आले तर दुरुस्ती सोपी, पण दिशा चुकते. फ्लँजने बसवलेल्या पंपात पंपाचे अंग शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवले की टायमिंग आधी येते, त्याच दिशेला फिरवले की मागे जाते. कपलिंग असेल तर उलट: पंपाचा शाफ्ट फिरण्याच्या दिशेला पुढे सरकवला की टायमिंग आधी येते. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पुलीवर चार अंशांचा फरक काढायला पंपाकडे दोनच अंश हलवायचे. नट कसून क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवा आणि परत मोजा. दुसऱ्यांदा तेच आले तरच काम झाले. डिलिव्हरी व्हॉल्व्ह नव्या वॉशरसह बसवून होल्डर टॉर्क पान्यानेच कसा. जास्त कसला तर बॅरल आवळतो आणि रॅक अडकतो. सुरू करण्याआधी रॅक मोकळा हलतो का हे हाताने पाहणे सक्तीचे. अडकलेल्या रॅकवर सेल्फ मारला तर इंजिन आवरत नाही, म्हणून पहिल्या स्टार्टला हवेचे तोंड झाकायला एकाने सपाट फळी घेऊन उभे राहावे. हाताने किंवा चिंधीने तोंड बंद करू नये.

एक फसवणूक पुलीचीच असते. डॅम्परचे बाहेरचे कडे रबरावर बसवलेले असते. रबर सुटले की कडे सरकते आणि त्यावरची खूण खोटी सांगते. शंका आली तर वरचा बिंदू स्वतः शोधावा: पिस्टन वर असताना पहिल्याच्या एका व्हॉल्व्हचा स्प्रिंग काढून व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकवायचा, दांड्यावर डायल गेज लावायचे आणि दोन्ही बाजूंना सारखेच वाचन देणाऱ्या दोन खुणा पुलीवर करायच्या, त्यांचा मध्य हा खरा वरचा बिंदू. पिस्टन खाली जाऊ दिला तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडेल, एवढे भान ठेवावे. टायमिंग कव्हर उघडलेच असेल तर हेही लक्षात असू द्या की आयडलर गिअरच्या खुणा दर दोन फेऱ्यांना जुळतीलच असे नाही. खुणा जुळत नाहीत म्हणून गिअर सोडून हलवणारे बरेच असतात.

टायमिंग बरोबर बसवूनही वेगावर पॉवर पडत असेल तर टायमर पाहावा. पंपाच्या तोंडाशी असलेली वजने फेऱ्या वाढतील तशी उघडून टायमिंग काही अंश पुढे नेतात. स्प्रिंग थकले किंवा पिना घासल्या की हे होत नाही. उभ्या इंजिनवरची मोजणी हा दोष दाखवू शकत नाही. टायमिंग एकाएकी बिघडले असेल तर कपलिंगचे बोल्ट आणि शाफ्टची चावी तपासावी. हळूहळू मागे जात असेल तर पंपातले टॅपेट रोलर आणि एलिमेंट घासले आहेत. एलिमेंटची खूण सोपी आहे: थंड गाडी एका सेल्फात सुरू होते, ढाब्यावर चहाला थांबवलेली गरम गाडी मात्र सेल्फ खात राहते, कारण गरम डिझेल पातळ होऊन घासलेल्या प्लंजरच्या बाजूने निसटते. अशा पंपाला बेंचच हवा. तिथे सहाही एलिमेंटचे डिझेल नळ्यांत मोजून सारखे करतात, आणि एकापासून दुसऱ्याचे अंतर ६० अंश, अर्ध्या अंशाच्या आत, जुळवतात.

गोल, वाटप पद्धतीच्या पंपाला थेंबाची ही रीत लागू नाही. तिथे मागचा प्लग काढून डायल गेजने प्लंजरची उचल मोजतात.

आता परत त्या स्क्रूकडे. पंप वाढवल्यावर रिकामी गाडी चपळ वाटते, हे खरे. पण हवा तेवढीच असल्याने जादा डिझेल काजळी होऊन जाते, काही लायनरवरचे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे) ऑइल धुऊन खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. चढावर पिस्टनच्या डोक्याला सोसवत नाही इतकी उष्णता होते. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला पीयूसीची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचे माप), म्हणजे २.४५ प्रति मीटर, इतकी सैल आहे. (बीएस-४ गाड्यांना ती ५०, म्हणजे १.६२.) नीट पंप, नीट नोझल असलेले जुने इंजिन ही मर्यादा आरामात पाळते, जे पाळत नाही, त्याच्यात वर लिहिलेल्यांपैकी काहीतरी आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावाच लागतो. त्यासाठी तेवढ्यापुरता स्क्रू आत घ्यायचा आणि पासिंग झाले की बाहेर, हा खेळ सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून मालकांना विनंती अशी की ‘पंपकाम’ एवढाच शब्द असलेले बिल घेऊ नका. गॅलरीचा दाब स्लोवर किती आणि लोडवर किती, प्रत्येक नोझल किती बारला उघडले, टायमिंग खोलताना किती अंश होते आणि बसवल्यावर किती, बेंचवर प्रत्येक एलिमेंटने किती डिझेल दिले, हे बिलाच्या मागे लिहून घ्या. ज्याने मोजले असेल त्याला लिहायला पाच मिनिटे लागतात. साखर कारखान्यांच्या आवारात हंगामाआधी ऊसगाड्यांना रिफ्लेक्टर लावले जातात. त्याच दिवशी एक धूर मीटर आणि एक ० ते ४ बारचे गेज तिथे ठेवले, आणि जवळच्या आयटीआयमधली डिझेल मेकॅनिकची मुले मोजणीला बसवली, तर निम्म्या गाड्यांचा दोष फाटकातच, एकही सील न तोडता कळेल. कारखान्यांच्या वाहतूक विभागांपर्यंत ही सूचना आपल्या दैनिकातून पोचावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपला,
डिझेल पंप दुरुस्तीच्या धंद्यातला एक वाचक,
कराड